मोलाची साक्ष

साक्ष देण्यासाठी मोल घेणे हे पाप आहे काय? प्रश्न जुनाच आहे. विकिपीडियाने तो नव्याने आपल्यापुढे ठेवला आहे. २००१ साली सुरू झालेला हा ज्ञानकोश असंख्य लोक विनामोबदला लिहितात. कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, ही त्याची रीत. त्यामुळे पैसे घेऊन कोणाची भलामण करणारा लेखक तेथे शिरला, तर तो सहसा ओळखू येत नाही.

२०१५ साली इंग्रजी विकिपीडियावर अशा एका टोळीची ३८१ खाती बंद करण्यात आली. लहान व्यावसायिकांचे व कलावंतांचे नाकारलेले लेख हेरून, ‘पैसे द्या, लेख प्रसिद्ध करू,’ असे त्यांना सांगितले जाई. तत्पूर्वी, जून २०१४ मध्ये, विकिमीडिया प्रतिष्ठानने नियम केला होता: मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने आपल्याला पैसे कोण देतो व काम कोणासाठी करतो, हे उघड करावे. इंग्रजी विकिपीडियाचा संकेत याहून पुढे जातो. अशा लेखकाने लेखास स्वतः हात न लावता चर्चापानावर दुरुस्ती सुचवावी. निर्णय इतरांनी घ्यावा.

या नियमांत मोबदल्याचा निषेध नाही, आणि ते योग्यच आहे. श्रमाचे मोल घेणे आपल्या धर्माने निंद्य मानलेले नाही. संतपदाच्या प्रक्रियेतही एखाद्या पुण्यात्म्याची बाजू मांडणारा अधिकृत प्रतिनिधी असतो. मात्र तो कोणासाठी बोलतो हे सर्वांस ठाऊक असते आणि निवाडा त्याच्या हाती नसतो.

कोणी म्हणेल, मजकूर खरा असला म्हणजे झाले. लेखक कोण याची चौकशी कशाला? परंतु एखाद्या संस्थेचे सारे पुरस्कार नोंदवावेत आणि तिच्याविरुद्ध लागलेला निकाल तेवढा गाळावा, तर प्रत्येक वाक्य खरे असूनही साक्ष खोटीच ठरते. आठवी आज्ञा मोडण्यास असत्य शब्दच लागतो असे नाही. वाचक ज्यास निःस्वार्थी समजतो तो भाडोत्री असणे, हीच फसवणूक होय.

येथे आपणही अंतर्मुख व्हावे. आपल्या धर्मग्रामाविषयी, शाळेविषयी, पूर्वजांविषयी आपण लिहितो, तेव्हा पैसा मिळत नाही. पण माया असते, अभिमान असतो. मायाही पारड्यात वजन टाकते. ते वजन कोणत्याही नियमाच्या तराजूत दिसत नाही. आपले नाते आधी सांगून टाकण्याचे आणि दुसऱ्याची दुरुस्ती नम्रपणे स्वीकारण्याचे काम सदसद्विवेकालाच करावे लागते.