टोकावरची पेशी

हे सावकाश वाचा. मध्ये थांबावंसं वाटलं तर थांबा.

डोळ्यांसमोर एक गोलकृमी आणा, सी. एलिगन्स. लांबी जेमतेम १ मिलिमीटर, अंग आरपार दिसणारं. कुजक्या फळांवरचे बॅक्टेरिया खाऊन जगणारा हा उभयलिंगी जीव. त्याच्या पोटात जननग्रंथीच्या दोन दुमडलेल्या नळ्या असतात. त्यातल्या एकीच्या अगदी टोकाशी जा.

तिथे एकच पेशी बसलेली आहे. तिचे बारीक तंतू आतल्या पेशींना वेढून आहेत. या आतल्या पेशी म्हणजे मूलपेशी. त्या एकाच्या दोन होतात, दोनाच्या चार, पण अंडं किंवा शुक्राणू व्हायला निघत नाहीत. जरा वेळ त्यांच्याकडेच बघत राहा.

१९८१ साली जुडिथ किंबल आणि जॉन व्हाइट यांनी ती टोकाची पेशी लेझरने मारली. आतल्या पेशी मात्र मेल्या नाहीत. त्यांचं वाढणं थांबलं आणि त्या सगळ्याच अर्धसूत्री विभाजनाकडे वळल्या, म्हणजे जननपेशी होण्याच्या वाटेला लागल्या. मला इथे दर वेळी अडखळायला होतं. आधार गेला, तर खचायला हवं होतं ना? या तर वयात आल्या.

आता एकाच मूलपेशीच्या आत शिरा. टोकाच्या पेशीचा स्पर्श तिच्या पृष्ठभागावरच्या जीएलपी-१ या ग्राहकाला होतो. ग्राहकाचा आतला तुकडा तुटून केंद्रकात जातो, तिथे काही जनुकं जागी होतात. त्यांच्या साथीने एफबीएफ नावाची प्रथिनं कामाला लागतात. त्यांचं काम अडवण्याचं. जननपेशी होण्याकडे नेणाऱ्या जीएलडी-१ जनुकाचा आरएनए पेशीत असतोच. आलेलं पत्र कुणी उघडूच देऊ नये, तसं एफबीएफ त्याला धरून ठेवतं आणि त्यापासून प्रथिन बनू देत नाही. मोठं होण्याचा मजकूर आधीपासून आतच आहे, हे मनात घोळू द्या.

आता तिच्या शेजारणी वाढताहेत. ती रेटली जाऊन टोकापासून दूर सरकते. तंतू पोचेनासे होतात, पकड सुटते, जीएलडी-१ साठू लागतं. तिची निवड कुणी केलेली नाही. ती जिथे होती तिथे आता नाही, इतकंच.

आणि पकड कधी सुटलीच नाही तर? जीएलपी-१ कायम चालू राहणारे उत्परिवर्तित कृमी प्रयोगशाळेत पाहिले गेले आहेत. त्यांच्या नळ्या विभागत्या पेशींनी गच्च भरतात. ती गाठच असते, आणि अंडं एकही होत नाही.