देणे

‘देणे’ ह्या आपल्या साध्या शब्दाला दोन अर्थ आहेत. भुकेल्यास भाकरी देणे हेही देणे, आणि वाण्याचे जे चुकते करावयाचे राहिले आहे तेही देणे. पहिले दिले तर पुण्य पदरी पडते आणि न दिले तर कोणी जाब विचारीत नाही. दुसरे दिले तर कोणी स्तुती करीत नाही, पण न दिले तर दाराशी तगादा येऊन बसतो. उपकार आणि ऋण ही दोन्ही एकाच शब्दात नांदत असल्यामुळे व्यवहारात त्यांची गल्लत होते, आणि ही गल्लत बहुधा देणाऱ्याच्या सोयीची असते. संपन्न राष्ट्रांनी आपल्या धनाचा काही वाटा आफ्रिकेतील दारिद्र्य निवारण्याकडे लावावा की नाही, ह्या प्रश्नाचा विचार ह्या दोन अर्थांच्या उजेडात करून पाहावा, असा आमचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लातूर-नांदेडकडच्या माणसाने आफ्रिकेची उठाठेव कशास करावी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर इतकेच की, ह्या प्रश्नावर आजवर जे पुष्कळ लिहिले गेले ते बहुतेक देणाऱ्यांच्या बाजूने लिहिले गेले आहे. घेणाऱ्याच्या ठिकाणी उभे राहून तो कसा दिसतो, हे ज्यांनी कधी तरी हात पसरला आहे त्यांनीच सांगावयाचे; आणि आमच्या मुलखाने तो पसरलेला आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती बोळवून गावे निजली असता, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरच्या परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती; उन्हाळ्यात जी थंडावा देत, तीच त्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसांवर कोसळली. त्या वेळी मदत देशाच्या सर्व कोपऱ्यांतून आली, तशी समुद्रापलीकडूनही आली. पुढे १९९४ साली जागतिक बँकेने पुनर्वसनासाठी सुमारे २४.६ कोटी डॉलरचे सवलतीचे कर्ज दिले, आणि बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. दुसरा प्रसंग २०१६ सालचा. मांजरा धरण कोरडे पडले. लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचा हुकूम लावावा लागला. आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून रेल्वेगाडीने कृष्णेचे पाणी आणावे लागले. १२ एप्रिल रोजी पहिली गाडी दहा वाघिणींतून सुमारे पाच लक्ष लिटर पाणी घेऊन पोहोचली. नंतरच्या गाड्यांतून एका खेपेस पंचवीस लक्ष लिटरपर्यंत पाणी येऊ लागले. हे दोन प्रसंग मनात ठेवून संपन्नांच्या पक्षाचे आक्षेप आता तपासू.

पहिला आक्षेप असा की, आफ्रिकेचे दारिद्र्य हे तेथील राज्यकर्त्यांच्या लोभाचे आणि यादवीचे फळ आहे. ज्याचे त्याने भोगावे. हा आक्षेप आमच्या कानांस नवा नाही. २०१६ साली लातूरविषयी हेच म्हटले जात होते. पर्जन्यछायेच्या मुलखात उसासारखे तहानलेले पीक कोणी लावले? जमिनीत शेकडो फूट खोल विंधन विहिरी कोणी घेतल्या? मग मिरजेने पाणी का द्यावे? ह्या प्रश्नांत तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही. कारखाने उभारताना आणि ऊस वाढविताना आमच्या धुरीणांनी पाण्याचा हिशेब मांडला नाही, हा दोष आमच्या पदरात आहेच. परंतु नळाशी घागर घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या मुलीने ऊस लावला नव्हता. चूक करणारा आणि तहानलेला हे दोघे बहुधा निराळे असतात. आणि पहिल्याच्या चुकीबद्दल दुसऱ्यास शिक्षा करणे ह्यास कोणत्याही शास्त्रात न्याय म्हणत नाहीत. जो युक्तिवाद आपल्या लेकरांस लावला असता आपणांस निर्दय वाटतो, तो दुसऱ्याच्या लेकरांस लावताना विवेकाचा कसा होतो?

दुसरा आक्षेप, ‘आधी घरचे, मग दारचे’. प्रत्येक राष्ट्रात गरीब आहेत, सबब प्रत्येकाने आपले पाहावे. कर्तव्यांस क्रम असतो हे आम्हांस मान्य आहे. आई आधी आपल्या मुलास जेवू घालते, ह्यात अन्याय नाही. पण क्रम असणे निराळे आणि शेवटच्याची पाळीच न येणे निराळे. शिवाय मागणी तरी केवढी आहे? संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० साली ठरविले की, संपन्न राष्ट्रांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नापैकी शेकडा ०.७ इतका भाग विकासाच्या मदतीस द्यावा. म्हणजे शंभर रुपयांतले सत्तर पैसे. अर्ध्याहून अधिक शतक लोटले, तरी ही मर्यादा गाठणारी राष्ट्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. २०२४ साली प्रमुख दात्या राष्ट्रांची एकत्रित मदत शंभरास तेहतीस पैशांच्या आसपास होती, आणि अमेरिकेने तर २०२५ साली आपले परराष्ट्र-मदतीचे स्वतंत्र खातेच बंद केले. सत्तर पैशांनी ज्याच्या घरची चूल विझते असा संपन्न मनुष्य आमच्या पाहण्यात नाही.

ह्याच आक्षेपाच्या पोटात अंतराचा मुद्दा दडलेला असतो: आफ्रिका दूर आहे. पीटर सिंगर ह्या तत्त्वज्ञाने पूर्व बंगालमधील निर्वासितांचे हाल पाहून १९७२ साली एका निबंधात असा विचार मांडला की, डबक्यात बुडणाऱ्या मुलास वाचविताना आपले कपडे मळतील म्हणून जो थांबतो त्यास आपण दोष देतो. तर मग ते मूल हजार कोसांवर बुडत असले म्हणजे तो दोष नाहीसा कसा होतो? आम्ही त्यात आमच्या घरची एक गोष्ट जोडतो. सोळाव्या शतकात हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून हातोहात विकला जात दक्षिणेत आला. तोच पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर झाला. त्याने १६१० च्या सुमारास खडकी हे नगर वसविले, जे आजचे छत्रपती संभाजीनगर. जमिनीच्या साऱ्याची घडी बसविली. आणि जमिनीखालून नहर काढून त्या शहरास पाणी पाजले. आफ्रिकेने एक पुत्र गमावला आणि मराठवाड्याला पाणी मिळाले. ह्या देण्याची नोंद आमच्या कोणत्या खतावणीत आहे?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: मदत म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे, मधले दलाल खातात, गरिबांपर्यंत थेंब पोहोचतो. हा अनुभव खोटा नाही, आणि ज्यांनी दुष्काळी कामांचे हिशेब जवळून पाहिले आहेत ते तो नाकारणार नाहीत. पण रांजण फुटका असेल तर भोक कोठे आहे, हे पाहणे पहिले काम. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेने २०२० साली दाखवून दिले की, आफ्रिकेतून दर वर्षी सुमारे ८८.६ अब्ज डॉलर बेकायदेशीर वाटांनी बाहेर जातात, आणि ही रक्कम त्या खंडास मिळणारी मदत व परकी गुंतवणूक ह्यांच्या बेरजेच्या जवळपास आहे. मालाची किंमत कागदोपत्री खोटी दाखविणे, कर चुकविणे, लाचेचा पैसा परदेशी ठेवणे, अशा त्या वाटा आहेत. आणि हा पैसा ज्या पेढ्यांत जाऊन विसावतो त्यांतील कित्येक संपन्न राष्ट्रांतच आहेत. एका हाताने ओतावयाचे, दुसऱ्या हाताने खालून झेलावयाचे, आणि वर रांजणास नावे ठेवावयाची, ह्यास काय म्हणावे?

येथे आपण ‘देणे’ ह्या शब्दाच्या दुसऱ्या अर्थाशी येऊन पोहोचलो. दादाभाई नौरोजींनी १९०१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात इंग्रजांकडे भिक्षा मागितली नव्हती. हिंदुस्थानातून संपत्तीचा जो ओघ बाहेर जात होता त्याचा हिशेब मागितला होता. तोच हिशेब आफ्रिकेने मागितला तर त्यास आम्ही तरी अनुचित कसे म्हणावे? १८८५ पासून १९०८ पर्यंत बेल्जमचा राजा दुसरा लिओपोल्ड ह्याने काँगो ही आपली खासगी मालमत्ता म्हणून राबविली, आणि तेथील रबर व हस्तिदंत ह्यांपोटी माणसांचा जो छळ झाला तो जगजाहीर आहे. ही जुनी गोष्ट झाली, आजच्या पिढीचा त्यात काय दोष, असे म्हणता येईल. दोष नाही, हे खरे. पण वडिलार्जित इस्टेट ज्याने घेतली त्याने वडिलांचे कर्ज तेवढे नाकारावे, हे आपल्याकडे अब्रूदार घराण्यांत चालत नसे. आणि नव्या काळाचेही एक ऋण आहे. जगाच्या धुरात आफ्रिकेचा वाटा शेकडा चाराहूनही कमी आहे. पण हवामान फिरल्याने जे दुष्काळ पडतात त्यांचा पहिला घाला तिच्या शेतकऱ्यावर पडतो. पाऊस रुसला म्हणजे काय होते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

मात्र सर्वच देणे ऋणाच्या खात्यावर मांडता येत नाही, हेही प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे. किल्लारीस जे धावून आले ते आमचे काही लागत नव्हते. ती निव्वळ करुणा होती, आणि तिचे मोल ऋणाहून तसूभर कमी नाही. आकस्मिक आपत्ती हे दयेचे क्षेत्र होय. परंतु जे दारिद्र्य वर्षानुवर्षे ठाण मांडून बसते, ज्यास कारणे आहेत आणि त्या कारणांत दुसऱ्यांचा हात आहे, ते न्यायाचे क्षेत्र होय. हा भेद आम्ही गोदावरीच्या खोऱ्यात शिकलो. नाशिक-नगरकडच्या धरणांत पाणी असावे आणि पैठणचा नाथसागर रिता असावा, हे वर्षानुवर्षे चालले होते, आणि दर दुष्काळात वरच्यांच्या मनधरण्या कराव्या लागत. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व आले. २०१३ साली मेंढेगिरी समितीने सूत्र सुचविले की, १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीत शेकडा पासष्टाहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडावे. आणि २०१६ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने हे तत्त्व उचलून धरले. ह्या वाटपाचे पाणी लातूरच्या नळास येत नाही, आणि त्यावरून वाद अजूनही होतात. तरी एक गोष्ट झाली: विनवणीच्या जागी माप आणि तारीख आली. घेणाऱ्याची मान ताठ राहिली. जेथे न्यायाचे कालवे वेळेवर वाहत नाहीत, तेथेच दयेच्या गाड्या धावाव्या लागतात.

तेव्हा आमचा निर्णय असा: संपन्न राष्ट्रांनी वाटा द्यावा, आणि तो माप व तारीख ठरवून द्यावा, पण त्याआधी खालून होणारी गळती त्यांनी आपल्या पेढ्यांत व आपल्या कायद्यांत बंद करावी. देण्याची रीतही महत्त्वाची आहे. भूकंपानंतर वसलेल्या नव्या गावांपैकी कित्येक गावे शहरासारख्या सरळ रस्त्यांची, दूरदूरच्या घरांची झाली; घरे मजबूत होती, पण शेजार, अंगण, गोठा ह्यांचा मेळ बसावयास लोकांस फार वर्षे लागली. देणाऱ्याने आधी विचारावे, मग द्यावे. ह्याच्या उलट उदाहरण नांदेडास आहे. तेथील गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पंक्तीस बसणाऱ्यास जात, गाव, पत कोणी विचारीत नाही. ज्याने धान्य दिले तोही त्याच पंक्तीत, त्याच जमिनीवर, बसून जेवतो. दाता आणि याचक एका ओळीत बसले की कोण कोण हे ओळखू येत नाही. दान निर्मळ होण्यास ह्याहून चांगली युक्ती आम्हांस ठाऊक नाही.

आणि आम्ही स्वतः? भारत आता केवळ घेणारा राहिलेला नाही, आणि ज्यांच्या घरी हे मासिक वाचले जाते त्या कुटुंबांपैकी बहुतेकांच्या घरी दोन वेळची भ्रांत नाही. संपन्न राष्ट्रांस आम्ही जो न्याय सांगतो तो आमच्या उंबरठ्याशी येऊन थांबणार असेल, तर तो न्याय नसून हेवा होय. आमच्याही गावाच्या वरच्या अंगास कोणी राहतो तसा खालच्या अंगासही कोणी राहतो. वरच्याकडे हक्क मागताना खालच्याचे देणे आपण चुकते केले आहे काय, हा प्रश्न प्रत्येकाने एकदा आपल्या घरी, आपल्या हिशेबाच्या वहीसमोर बसून, स्वतःस विचारावा. आमच्या वहीत तरी ती बाजू अजून बरीच कोरी आहे.