वचन प्रमाण, अर्थ कुणाचा?

बायबल हे देवाचे वचन, असे ख्रिस्ती माणूस म्हणतो तेव्हा तो ग्रंथाला प्रमाण मानतो. पण ग्रंथ आपण होऊन बोलत नाही; त्याचा अर्थ कुणीतरी लावतो. मग प्रमाण काय? वचन, की कुणी लावलेला अर्थ?

पंडिता रमाबाईंना हा प्रश्न घरातच भेटला होता. पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून वडील अनंतशास्त्री डोंगरे यांना हिंदू धर्मपंडितांपुढे जाब द्यावा लागला आणि त्यांनी तो शास्त्राधारेच दिला. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातील भगिनींची अपेक्षा होती की चर्चची शिकवण त्यांनी मुकाट्याने स्वीकारावी. रमाबाई मात्र पत्रांतून वाद घालत राहिल्या. एका पुरोहितवर्गाचे जोखड उतरवले, ते दुसऱ्याचे मानेवर घ्यायला नव्हे, असा त्यांचा सूर होता.

म्हणजे ज्याने त्याने आपल्याला हवा तो अर्थ काढावा का? तसे नाही. मध्यस्थ नको म्हटले की त्याचे कष्ट आपल्यावर येतात. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी सगळे बायबल उतरवायला घेतले.

हे कष्ट कशासाठी, ते एका शब्दावरून कळेल. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रीला 'एझेर', म्हणजे साहाय्यक, म्हटले आहे. त्यावरून तिला पुरुषाच्या हाताखालची ठरवणारे पुष्कळ झाले. पण स्तोत्रसंहितेत हाच शब्द देवासाठी येतो, आणि तो काही माणसाच्या हाताखालचा नव्हे. स्त्रीचे दुय्यमपण त्या शब्दात नव्हते, वाचणाऱ्याच्या मनात होते. वचनाला बाजूला सारून हे कळत नाही. ते अधिक बारकाईने वाचले तरच कळते.

रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या बायबल-भाषांतराच्या छपाईचे खिळे आश्रमातल्या बायका-मुली जुळवत. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, त्याच्या थोडेच आधी काम पुरे झाले होते. छापखान्यात मुद्रित तपासताना मूळ प्रत शेजारी ठेवतात आणि चूक आढळली तर मुद्रितात दुरुस्त करतात, प्रतीत नाही. ग्रंथाला प्रमाण मानायचे ते असे: आपला अर्थ म्हणजे मुद्रित. तो कितीही स्वच्छ उमटलेला असो, हातातला खिळा बदलायची तयारी हवी.