कालव्यातली नर्मदा

नर्मदेची परिक्रमा उचललेल्याने तिचा प्रवाह ओलांडू नये, ही मर्यादा मराठी भाविकांना सुपरिचित आहे. परंतु बरगीच्या धरणातून, म्हणजे 1990 च्या सुमारास पूर्ण झालेल्या रानी अवंतीबाई सागरातून निघालेला कालवा त्याच परिक्रमावासीयाला आडवा आला, तर तो त्याने ओलांडावा की नाही, हा प्रश्न जबलपुरात राहणाऱ्या आम्हां ओमतीकरांना मुळीच पोरकट वाटत नाही. कालव्यातले पाणी नर्मदाच असेल, तर ओलांडणाऱ्याला दोष लागतो. नसेल, तर त्या पाण्यावर पिकलेल्या गव्हाला मैयाचा प्रसाद कोणत्या तोंडाने म्हणावे?

परंपरेचा कौल प्रथमदर्शनी कालव्याच्या बाजूने पडतो. काशीहून रामेश्वरी नेलेल्या कावडीतली गंगा ही गंगाच राहते. तिचे पावित्र्य तिच्या पात्राला बांधलेले नसते. पण आपल्याच देवघरात याविरुद्ध साक्ष देणारा एक साक्षीदार बसलेला आहे. पंचायतनातला बाण हा नर्मदेतला गोटा, आणि त्याला ती अंडाकृती गुळगुळीत काया कोणा पाथरवटाने दिलेली नसून प्रवाहाने, दगडावर दगड शतकानुशतके घोळवून दिलेली आहे. असे बाण जेथे घडत, ते धावडीकुंड आज ओंकारेश्वर धरणाच्या फुगवट्याखाली आहे, आणि साचलेले पाणी कितीही निर्मळ असले तरी बाण घडवीत नाही. मध्य प्रदेशाने ज्याला राज्यमत्स्याचा मान दिला, तो महाशीर मासाही वाहत्या, खळाळत्या पाण्यातल्या वाळूगोट्यांतच अंडी घालतो. तेव्हा माझ्या अल्पमतीप्रमाणे नर्मदेचे देवत्व पाण्याइतकेच तिच्या वाहण्यात आहे.

याचा अर्थ पाणी अडविणे हाच अधर्म, असा नव्हे. ज्या मुलुखावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, त्या जबलपूर-नरसिंहपूरच्या काळ्या जमिनीत हवेलीची पद्धत पूर्वापार चालत आली: उंच बंधारे घालून शेतात पावसाचे पाणी चार महिने तुंबवून ठेवायचे, तणांचा त्यात आपोआप नायनाट होऊ द्यायचा, काही पाणी भूगर्भात मुरू द्यायचे आणि पावसाळा सरताच उरलेले सोडून देऊन ओलीवर गहू पेरायचा. हेही अडविणेच, मात्र त्यात घेतलेले पाणी ऋतूच्या हिशेबाने परत करण्याची शिस्त होती. बारमाही कालव्याला ती शिस्त ठाऊक नाही. तवा धरणाच्या लाभक्षेत्रात काळी जमीन पाणथळ होऊ लागली, तेव्हा होशंगाबादच्या शेतकऱ्यांना 1977 मध्ये ‘मिट्टी बचाओ’ म्हणत उभे राहावे लागले. (पाण्यापासून माती वाचविण्याची पाळी आली, हे ऐकून अवर्षणग्रस्त मराठवाड्याला हसावे की रडावे कळणार नाही.)

पुराणकथा सांगते की शोणाशी ठरलेला विवाह मोडून मानिनी नर्मदा पश्चिमेकडे वळली आणि आजन्म कुमारी राहिली. बरगीच्या उजव्या कालव्याचे पाणी स्लीमनाबादजवळच्या सुमारे 12 किलोमीटरांच्या बोगद्यातून पाणलोटाची सीमा ओलांडून कटनीकडे, म्हणजे शोणाच्याच खोऱ्यात न्यावयाचे आहे. परिक्रमावासीयाला नदी ओलांडण्याची मनाई, आणि नदीला मात्र डोंगर ओलांडण्याचा सरकारी हुकूम! सतना-रीव्याच्या तहानलेल्या शेतांची गरज मी नाकारीत नाही. भुकेल्याला कथा सांगून परत पाठविणे हाही धर्म नव्हे. आणि भक्तीचा अहंकार आम्ही तरी कोणत्या तोंडाने मिरवावा? सकाळी ग्वारीघाटावर ‘नर्मदे हर’ म्हणणारे आम्हीच आमच्या ओमती नाल्यात शहराची घाण सोडतो.

माझी तक्रार हिशेबाबद्दल आहे. 1979 च्या निवाड्यात राज्यांमधील नर्मदेच्या पाणीतंट्यावरच्या लवादाने नदीचे भरवशाचे पाणी 280 लाख एकर-फूट धरले आणि त्यातले मध्य प्रदेशाला 182.5, गुजरातेला 90, राजस्थानला 5 आणि महाराष्ट्राला 2.5 लाख दिले. बेरीज अगदी तंतोतंत जुळते, आणि जुळते म्हणूनच नदीच्या स्वतःच्या नावे त्या फडात काहीही शिल्लक उरत नाही. पंचेचाळीस वर्षांनंतर या वाटणीचा फेरविचार करण्याची मुभा निवाड्यानेच ठेवली होती आणि ती मुदत आता उलटली आहे. तेव्हा पुन्हा वाटे पाडताना आधी नदीचे वाहणे बाजूला काढून ठेवावे आणि मग राज्यांनी आपापसांत खुशाल भांडावे.