धीर देणं म्हणजे नेमकं काय?

दुःखातल्या माणसाला भेटायला जाताना आपल्याजवळ पाच-सहा वाक्यं तयार असतात. 'देवाच्या मनात होतं ते झालं.' 'चांगल्या माणसांना तो लवकर नेतो.' 'आता मुलांकडे बघून दिवस काढायचे.' फॅमिली ग्रुपवर तर तेवढंही लागत नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि जोडलेले दोन हात, झालं. ही वाक्यं खोटी नसतात, म्हणणाऱ्याला खरंच वाईट वाटलेलं असतं. पण त्यांत एक अट लपलेली असते. ऐकणाऱ्यानं मान हलवायची. ज्याचं माणूस गेलंय त्यानंच 'हो, पटलं' असं दाखवायचं आणि समोरच्याला मोकळं करायचं. मग श्रद्धेनं आणि मायेनं धीर देणं म्हणजे नेमकं काय?

हा प्रश्न मला पडला तो दुधनीच्या माझ्या आत्यामुळे. दुधनी अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेला लागून आहे. आमच्या घरात कानडी, शाळेत मराठी आणि बाजारात दोन्ही. घर लिंगायत. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गेले तेव्हा 'वारले' असं कुणी म्हटलं नाही. 'लिंगैक्य झाले' असं म्हटलं. आमच्यात दहन नसतं, बसलेल्या स्थितीत दफन करतात. तत्त्वानं सुतकही नसतं. बाराव्या शतकात बसवण्णा आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी जन्म, मृत्यू, पाळी, उष्टं आणि जात या पाचांचाही विटाळ नाकारला.

लहानपणापासून पाहत आलेल्या इष्टलिंगाचा अर्थही मला तेव्हा नव्यानं कळला. इष्टलिंग मुलीला मिळतं ते गुरूकडून, नवऱ्याकडून नव्हे. मंगळसूत्र लग्नात येतं आणि रिवाजाप्रमाणे नवऱ्याबरोबर जातं. लिंग मात्र तिचं स्वतःचं असतं, नवरा असो वा नसो. शिवाय आमच्याकडे 'शरण सती, लिंग पती' असं तत्त्व आहे. भक्त पुरुष असो की बाई, तो पत्नी आणि लिंग हाच पती. हे मनापासून मानलं तर 'विधवा' या शब्दाला जागाच उरत नाही.

तरीही तिसऱ्या दिवशी बांगड्यांचा विषय निघालाच. आत्याच्या गळ्यात पडून रडलेल्या बायकांनीच तो काढला. त्यात दुष्टपणा नव्हता, 'रीत आहे बाई' एवढंच. मला तिथं खरी अडचण दिसली. आपल्याकडे सांत्वन आणि पायउतार एकाच वेळी होतात. 'आम्ही तुझ्या पाठीशी आहोत' असं म्हणणारेच तिला दोन पावलं मागं उभं करतात. एकदा तिला मागं सरकवलं की तोंडच्या गोड शब्दांना फारसा अर्थ राहत नाही.

मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं, सगळं बंद. त्यामागची कल्पना मांडणारे प्रमोद झिंजाडे आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचे. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव हवाच होता. बांगड्या फोडणारा हात तो अडवू शकतो. पण ठराव सकाळी चहा विचारायला येत नाही. ते काम घराचं आणि श्रद्धेचं.

श्रद्धा हे काम कसं करू शकते, याचं एक उदाहरण मला अगदी लांब, सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सापडलं. क्वेकर म्हटलं की आपल्याला ओट्सचा डबा आठवतो. त्या कंपनीनं फक्त नाव घेतलं, पंथाशी तिचा संबंध नाही. हे लोक स्वतःला 'मित्र' म्हणवतात. त्यांच्या पारंपरिक प्रार्थनासभेत पुरोहित नसतो. सगळे शांत बसतात. आतून काही आलं तर कुणीही उठून बोलावं, बाईनंही. कुणी गेल्यावरची सभाही तशीच. तिथं 'देवाची इच्छा' समजावून सांगायची जबाबदारी कुणावर नसते.

त्यांच्या सुरुवातीच्या काळातली एक मोठी पुढारी होती मार्गारेट फेल. 1658 मध्ये तिचा नवरा गेला. घरात मुलं होती, आणि तेच घर पंथाचं केंद्र होतं. ते तसंच चालू राहिलं. घरात सभा भरवते म्हणून पुढं तिला तुरुंगात टाकलं. तिथूनच 1666 मध्ये तिनं स्त्रियांना धर्मसभेत बोलायचा हक्क आहे असं मांडणारी पुस्तिका लिहिली. 1669 मध्ये पंथाचे संस्थापक जॉर्ज फॉक्स यांच्याशी तिनं लग्न केलं. त्याआधी फॉक्सनी तिच्या मुलींची संमती विचारली आणि तिच्या मालमत्तेवरचा आपला हक्क सोडला. विधवा झाली म्हणून तिच्या लोकांनी तिला मागच्या रांगेत बसवलं नाही. मला तरी हेच तिचं सर्वांत मोठं सांत्वन वाटतं.

आत्या आता रोज पहाटे डाव्या तळहातावर लिंग ठेवून, नजर त्याच्यावर लावून बसते. त्यानं काय होतं असं मी एकदा फोनवर विचारलं. ती म्हणाली, "तेवढा वेळ कुणाला उत्तर द्यावं लागत नाही." मामा कुठं गेले, का गेले, यावर बोलणं तिला नको असतं. "ते कुठं गेलेत हे मला सांगू नका. जेवलीस का, एवढं विचारा." पुण्यातून मी रोज तेवढंच विचारतो. बहुतेक वेळा पुढं तीच बोलते, तुरीच्या भावाबद्दल किंवा नातवाच्या खोड्यांबद्दल.

यंदा चुलतबहिणीच्या हळदीला आजीनं पहिली हळद लावायला आत्यालाच बोलावलं. दोघी-तिघी कुजबुजल्या. आजी एवढंच म्हणाली, "माझी थोरली लेक आहे ती." तत्त्व नाही, ठराव नाही, वाद नाही. आत्यानं हळद लावली. हातात हिरव्या बांगड्या होत्या. कपाळावर कुंकू मात्र नव्हतं, फक्त विभूती. कुणीतरी उत्साहानं करंडा पुढं केला, तर तिनं मानेनंच नको म्हटलं. तेही बरोबरच. कुंकू पुसायला लावणं ही जशी बळजबरी, तशी सुधारणेच्या नावाखाली ते लावायला लावणं हीसुद्धा बळजबरीच.

देव का नेतो, याचं उत्तर आजीजवळ नाही, मठातल्या स्वामींजवळही बहुधा नसेल. ते असावं अशी आत्याचीही अपेक्षा नाही. गेलेलं माणूस आपल्यापैकी कुणी परत आणू शकत नाही. पण त्याच्या जाण्यानं राहिलेल्या माणसाची घरातली जागा जाणार नाही, एवढं तर आपल्या हातात असतं. माझ्या मते धीर देणं म्हणजे एवढंच, आणि तेही रोज करावं लागतं.