आपलेच लोक

माझा भाचा गेल्या हिवाळ्यात लक्षद्वीपला जाऊन आला. नागपूरहून रेल्वेने केरळ, पुढे कोचीहून जहाज. मोमीनपुऱ्यात आमच्या घरी बसून तो मोबाईलमधले फोटो दाखवत होता. निळे पाणी, नारळीच्या बागा, कवरत्तीच्या उज्रा मशिदीचे कोरीव लाकडी छत. मध्येच एका अंगणात बसलेल्या स्त्रियांचा फोटो आला. मी म्हणालो, "यांना विचारून काढलास का?"

"त्यात काय विचारायचं, मामू? आपलेच लोक आहेत. सगळे मुसलमान." आणि लगेच पुढे, "पण अजब आहेत. घर आईकडून लेकीकडे जातं. हे कसले मुसलमान?"

एका दमात तो दोन्ही बोलला. न विचारता फोटो काढताना ते आपले आणि निवाडा करताना परके!

जमिनीवर फिरा आणि पाहा, असे कुरआन वारंवार सांगतो. त्याच कुरआनात परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात शिरू नका, असेही बजावले आहे. प्रवाशाला या दोन्ही आज्ञा एकत्र पाळाव्या लागतात. लक्षद्वीपची ३६ बेटे मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. वस्ती १० बेटांवर, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६४ हजार. जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर, तेवढाच विहिरींचा आधार. इतक्या लहान जागेत पाहुण्याचे प्रत्येक पाऊल कुणाच्या तरी अंगणातच पडते. बाहेरच्यांना तिथे जायला परवाना लागतो, तो उगाच नाही. पण सरकारी परवाना बेटावर उतरायचा असतो, माणसांच्या घरात डोकावायचा नव्हे.

आता दुसरा प्रश्न, 'कसले मुसलमान' हा. मराठी घरात जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी आपल्या मध्य भारतातील गोंड स्त्रियांचा अभ्यास केला आणि १९६९ मध्ये लक्षद्वीपच्या मातृवंशीय मुस्लिम समाजावर ग्रंथ लिहिला. तिथे परंपरेने मालमत्तेचे दोन प्रकार. शुक्रवारची आणि सोमवारची. शुक्रवारची म्हणजे तरवाडाची, आईच्या वंशाची सामाईक. ती लेकींच्या वाटेने पुढे जाते. सोमवारची म्हणजे स्वकष्टाची. तिला शरियतचा वारसा लागू करता येतो. रूढी आणि धर्म यांना त्यांनी वेगवेगळे वार देऊन एकाच आठवड्यात नांदवले. तरवाडाचा कारभार पाहतो कारणवर, म्हणजे बहुधा आईचा भाऊ. मामू!

हा शब्द मनात आला आणि मी अडखळलो. ज्या घरात बसून भाचा बेटावरच्या मुसलमानांना नापास करत होता, त्या घरात त्याच्या अम्मीचा हिस्सा होता. कुरआनाने दिलेला, भावाच्या निम्मा का होईना, पण ठरवून दिलेला. अब्बांच्या इंतकालानंतर माझ्या या धाकट्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. कुणी नीट विचारलेही नाही. कागद पुढे सरकवला, बोट ठेवून जागा दाखवली. आपलीच बहीण, तिला काय विचारायचे?

आपल्या कितीतरी घरांत हेच घडते. लेकीला जहेज देतो आणि हिस्सा फिटला म्हणतो. नमाज-रोजा शरियतने, जमीन मात्र गावच्या रिवाजाने. लक्षद्वीपच्या लोकांनी निदान त्या रिवाजाला नाव दिले, त्याचा वार सांगितला. आपण तोही लपवतो.

मग दूर जाऊन पाहायचे कशासाठी? समुद्र आणि प्रवाळ पाहून डोळे निवतात, तेही नियामतच आहे. पण माणसांना पाहून आपले काहीच हलले नाही, तर आपण त्यांना पाहिलेच नाही. फक्त त्यांचा फोटो आणला.

तो फोटो भाच्याने पुसून टाकला. माझे काम इतके सोपे नाही. हक्कसोडपत्र लोखंडी कपाटात आहे. बहिणीशी बोलायचे आहे. ती म्हणेल, "राहू द्या, भाईजान." मला ठाऊक आहे. तिच्या याच शब्दांवर तर मी इतकी वर्षे या घरात निर्धास्त झोपलो.