आधीच्या माणसाचं देणं

फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपचा पुढचा ॲक्सल शाफ्ट बाहेर काढणं हे कागदावर फार मोठं काम नाही. चाक काढायचं, ब्रेकचं कॅलिपर सोडून तारेनं टांगायचं (होजवर लोंबकळत ठेवायचं नाही), रोटर उतरवायचा, मधला मोठा नट सोडायचा, एबीएसची वायर मोकळी करायची, स्टिअरिंग नकलच्या मागचे चार बोल्ट काढायचे. मग हब ओढला की बाहेर येतो आणि त्याच्यामागून शाफ्टही, आतल्या ऑइल सीलला धक्का न लावता, हळूच. मॅन्युअलमध्ये या 'ओढला की येतो'साठी एक ओळ असते. मिशिगनमध्ये त्या एका ओळीला अख्खा शनिवार लागतो.

हबची बेअरिंग नकलमधल्या गोल भोकात घट्ट बसते. दोन्हीकडे लोखंड आणि मध्ये केसाएवढी फट. त्या फटीत खारं पाणी शिरलं की गंज धरतो, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते. जागा तर नसते, म्हणून तो दोन्ही बाजूंना दाबत राहतो. काही हिवाळ्यांनी हब आणि नकल एकजीव होतात. मिठाला इथे तोटा नाही. डेट्रॉइट शहराच्या पोटात तीनशे मीटरहून जास्त खोल मिठाची खाण आहे आणि रस्त्यावरचा बर्फ वितळवायला हेच मीठ वापरतात. मी म्हणतोय तो ट्रक माझ्या शेजाऱ्यांचा. ते निवृत्त टूल-अँड-डाय कारागीर आहेत. हिवाळ्यात ट्रकला पुढे बर्फ ढकलायचं पातं आणि मागे मीठ फेकायचं यंत्र लावून ते दोन-तीन पार्किंग लॉट साफ करतात. म्हणजे हब खाणारं मीठ काही अंशी त्यांनी स्वतःच फेकलेलं. त्यांना यात काही विनोदी वाटत नाही. मला थोडं वाटतं.

बिघडला होता तो शाफ्टवरचा क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. वळताना कटकट वाजायचा. क्रॉस स्वस्त असतो, हब त्याच्या कितीतरी पट महाग, आणि हबमध्ये काहीही दोष नव्हता. पण क्रॉसपर्यंत जायची वाट हबमधूनच जाते. आम्ही गंजात मुरणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, नकल बाहेरून तापवली, बोल्ट अर्धवट आत ठेवून मागून आळीपाळीनं घण मारले. शेवटी शेजाऱ्यांनी जुनी युक्ती काढली. बोल्टचं डोकं आणि ॲक्सलचा न फिरणारा भाग यांच्यामध्ये एक पोलादी सॉकेट अडकवायचा, इंजिन सुरू करायचं आणि स्टिअरिंग फिरवायचं. मग पॉवर स्टिअरिंगचा सगळा जोर बोल्टवर येतो. मी लांब उभा होतो. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि हब सरकला. अर्थात तोपर्यंत तो मेला होता. घणाचा घाव बेअरिंगच्या गोळ्यांमधूनच पुढे जातो, त्या ज्या पट्टीवर फिरतात तिच्यावर बारीक खड्डे पडतात आणि मग बेअरिंग कधीच नीट चालत नाही. चांगला भाग मारून वाईट भागापर्यंत पोचायचं, हे आम्ही ठरवूनच केलं. दुसरा मार्ग नव्हता, आणि या बाबतीत मला अपराधी वगैरे वाटत नाही.

मला छळणारा प्रश्न दुसराच होता. हबवरची खूण मूळ कंपनीची नव्हती. शेजाऱ्यांनी ट्रक जुना घेतला होता. म्हणजे त्यांच्या आधी कुणीतरी हा हब एकदा बदलला होता आणि बसवताना त्या भोकात चिमूटभर अँटी-सीझ, म्हणजे गंज धरू न देणारं तांब्याचं किंवा निकेलचं ग्रीस, लावलं नव्हतं. अर्ध्या मिनिटाचं काम. त्यानं ते करायला हवं होतं का? करायला 'हवं होतं' म्हणजे नक्की काय?

रॉबर्ट पर्सिगच्या १९७४ च्या 'झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स'मध्ये एका अडकलेल्या स्क्रूवर बराच विचार आहे. अडकणं ही घाबरायची गोष्ट नाही, खरी समज तिथून सुरू होऊ शकते, असा त्याचा रोख. मला ते पटतं. पण पर्सिगचं सगळं लक्ष स्क्रूसमोर बसलेल्या माणसाकडे आहे. तो स्क्रू आधी पिळणाऱ्याकडे त्याचं लक्ष नाही. आणि नैतिक प्रश्न मला तिथे दिसतो.

त्या माणसाची बाजू मजबूत आहे. इथल्या बऱ्याच गॅरेजांत मेकॅनिकला पुस्तकात छापलेल्या तासांप्रमाणे पैसे मिळतात. प्रत्यक्ष किती वेळ लागला याचा संबंध नसतो. त्याचं अर्धं मिनिट त्याच्याच खिशातून जातं. त्याचा करार तेव्हाच्या मालकाशी होता, माझ्या शेजाऱ्यांशी नाही. आणि मागून येणाऱ्याच्या सगळ्या सोयी बघत बसलं तर काम कधी संपणारच नाही. आमच्या धंद्यात हा रोग मी रोज बघतो. पुढे कधीतरी लागेल म्हणून सॉफ्टवेअरमध्ये अशी लवचीकता भरून ठेवतात की ती कधीच कुणाला लागत नाही आणि सगळ्यांनाच अडचण होते. बहुतेक कोड पुसला जातो, बहुतेक ट्रक दुसऱ्यांदा हब बदलण्याआधी भंगारात जातात. अज्ञात वारसदाराची काळजी ही पुष्कळदा स्वतःच्या हुशारीची हौस असते.

आजोबांनी नातवंडांसाठी लावलेल्या आंब्याचं उदाहरण इथे लोक देतील. ते मला लागू वाटत नाही. आंबा खाताना आजोबांची आठवण निघते. अँटी-सीझ लावलेला हब मात्र नुसता ओढला की हातात येतो, आणि ओढणाऱ्याच्या डोक्यातही येत नाही की कुणी आपल्यावर उपकार केलेत. तो म्हणतो, चला, लवकर झालं. चांगलं काम इथे दिसतच नाही, फक्त त्याचा अभाव दिसतो. आमच्याकडे निदान गिट ब्लेम आहे. ओळ कुणी लिहिली ते नावानिशी कळतं आणि शिव्या योग्य पत्त्यावर जातात. ट्रकला ती सोय नाही. शेजारी दिवसभर 'त्याला' शिव्या देत होते आणि 'तो' कोण, जिवंत आहे का, हेही आम्हाला माहीत नव्हतं.

तरीही मला वाटतं, त्यानं ते लावायला हवं होतं, आणि कारण सौजन्याचं नाही. कारण इतकंच की तो पृष्ठभाग त्या एका वेळीच उघडा होता. हब बसला, बोल्ट आवळले, की मालक कितीही काळजीवाहू असला तरी तिथे बोट घालू शकत नाही. मालक वर्षातून दोनदा गाडी खालून धुवेल, तेल बदलेल. पण त्या फटीपुरती सगळ्यांची जबाबदारी त्या अर्ध्या मिनिटात एका माणसाच्या हातात गोळा झालेली असते. जे काम पुढे दुसरं कुणी करू शकतं ते सोडून देणं आणि जे पुढे कुणालाच करता येणार नाही ते सोडून देणं, यांत मी फरक करतो. अज्ञात वारसदारासाठी काय करायचं आणि काय नाही, याची माझ्यापाशी असलेली हीच एक कसोटी. कोडमधली विचित्र अट का घातली हे तिथे लिहून ठेवणं त्यात बसतं, कारण ते कारण फक्त त्या दुपारी, फक्त त्या डोक्यात असतं. लवचीकतेचा तो डोलारा त्यात बसत नाही. गरज पडली तर पुढचा माणूस स्वतः बांधेल.

शेजाऱ्यांना हे सांगितलं तेव्हा ते नवा हब बसवत होते. त्यांनी भोक तारेच्या ब्रशनं चकचकीत होईपर्यंत घासलं आणि अँटी-सीझ बोटानं गोल फिरवून लावलं. बोल्टच्या आट्यांना मात्र लावू दिलं नाही. आटे बुळबुळीत झाले की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, असं त्यांनी मला समजावलं. मग डाव्या बाजूकडे हात करून म्हणाले, "आणि ते?"

डावीकडचा क्रॉस ठणठणीत आहे. हबही. पण तोही बहुधा त्याच माणसानं, त्याच दिवशी बसवला असणार. आत्ता काढून ग्रीस लावावं म्हटलं तर काढतानाच तो मरणार. नाही काढला तर ज्याच्या वाट्याला येईल त्याच्या हातात मरेल. ती बाजू आमच्यापुढे उघडी नव्हतीच, म्हणून ती माझ्या कसोटीत येत नाही, असं मी म्हणालो. "सोयीची कसोटी आहे," असं म्हणून त्यांनी जॅक खाली घेतला. डावी बाजू अजून तशीच आहे आणि आमचं यावर एकमत झालेलं नाही.